माझी आई : खानावळवाली

'माझी आई' हा निबंध दिला की वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच आई भेटते. पहाटे उठते, स्वयंपाक करते, माया करते. माझी आईही पहाटे चारला उठून स्वयंपाकच करायची. पण तो तिचा धंदा होता, आणि ती तसंच म्हणायची.

आई गेल्या वर्षी गेली, 91 वर्षांची होऊन. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत तिने खानावळ चालवली. सातारा, कोकणातून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून इथे राहायचे. अशी बावीस माणसं आईकडे महिन्याच्या बोलीवर जेवायची. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, म्हणून आमचा स्टोव्हही तीन पाळ्यांत. शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावापुढे 'घरकाम' लिहिलेलं कळलं तेव्हा ती म्हणाली, "कुणाच्या घरचं? घरात माणसं पाच नि जेवायला सत्तावीस!"

ती शाळेची पायरी चढली नव्हती. हिशेब भिंतीवर, कोळशाच्या रेघांनी. प्रत्येक मेंबराची जागा ठरलेली. कोणी गावी गेला की आडवी रेघ, म्हणजे खाडा. खाड्याचे पैसे वजा व्हायचे, पण आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच. थापलेली भाकरी परत पीठ होत नाही, हा तिचा नियम.

खरी अडचण भांडवलाची. पैसे महिना संपल्यावर मिळणार, पण ज्वारी, तेल, रॉकेल तर रोज लागणार. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर निघायचे. मंगळसूत्र कितीदा गहाण पडलं! 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पण तारण नसलेल्या खानावळवालीला बँकेत कोण विचारणार? 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बायकांनी गट करून एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचं कर्ज मिळू लागलं. त्या कर्जासाठी आई सही शिकली. शिकवली मी, तेव्हा मी पाचवीत होते. माझी पहिली विद्यार्थिनी तीच म्हणायला हरकत नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले, माणसं गावाला गेली. बावीसचे सहा राहिले, तेही उधारीवर. आईने आधी कालवण बंद केलं, भाकरी-चटणी चालू ठेवली. "भाकरी कशी बंद करू?" एवढंच म्हणाली. मग ऑफिसांचे डबे धरले, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. माझी डी.एड.ची फी त्यातूनच भरली. उधारीच्या रेघांची भिंत मात्र तिने दोन वर्षं रंगवू दिली नाही. तिसऱ्या वर्षी स्वतःच चुना फासला. किती बुडाले, ते आम्हाला कधीच सांगितलं नाही.

शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये जेवणाचं ताट आलं. खायची इच्छा नव्हती. तिने चपाती बोटांनी दाबून पाहिली, डाळीत चमचा फिरवला आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "हे केवढ्याला देतात गं?"