मोटारीचे छत उतरविताना

खेड्यापाड्यांतून आता जुन्या मोटारी बऱ्याच दिसू लागल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या टपाला काचेची सरकती खिडकी असते. तिला सनरूफ म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात तिचा उपयोग काय, हे मला अजून उमगलेले नाही. वरातीत पोरे तिच्यातून कमरेपर्यंत बाहेर काढून उभी करतात, एवढे मात्र पाहतो. अशा वेळी एकदम ब्रेक लागला तर काय होईल, याचा विचार कोणी करीत नाही. माझ्या पुतण्याने घेतलेल्या जुन्या गाडीला हे सनरूफ आयतेच आले. गाडी हौसेखातर घेतलेली नव्हती. थोरल्या वहिनींना दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते.

आषाढात गाडीच्या छताचे कापड झोळीसारखे लोंबू लागले. वळणावर वहिनींच्या खांद्यावर पाणी ठिबके. आत कुबट वास सुटला आणि त्यांना खोकल्याची उबळ येऊ लागली. शहरातल्या एका दुकानाने काचेभोवती सिलिकॉन भरून पैसे घेतले. गळती होती तशीच राहिली.

ती राहणारच होती. सनरूफची काच पाणी पुरते अडवीत नाही. थोडे पाणी आत उतरणार, हे धरूनच काचेखाली चौफेर पन्हळ केलेली असते. तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात, गाडीच्या खांबांच्या पोकळीतून खाली उतरतात आणि पाणी बाहेर सोडतात. नळी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी छताच्या अस्तरात मुरते. ठिबकच्या नळ्या ज्यांनी साफ केल्या आहेत, त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

पुतण्या पाना घेऊनच आला होता. "काका, छत उतरवू या." मी म्हटले, "आधी पेलाभर पाणी आण." काच उघडून एकेका कोपऱ्यात हळूहळू पाणी ओतले. तीन कोपऱ्यांचे पाणी गाडीखाली आले. डाव्या पुढच्या कोपऱ्यातले पाणी जागचे हलेना. गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉन दोरी घेतली, टोक दिव्यावर धरून गोल केले आणि नळीत सरकवली. लोखंडी तार घालू नये, ती नळीला भोक पाडते. कॉम्प्रेसरची हवाही जोराने सोडू नये, कारण नळी वरच्या तोंडापासून निसटते. चिखल आणि लिंबाच्या पाल्याचा कुजका लगदा बाहेर आला. गाडी लिंबाखालीच उभी असते. बहुतेक गाड्यांचे दुखणे एवढ्यावरच मिटते आणि छताला हात लावावा लागत नाही. आमच्या गाडीची ही नळी मात्र वर तोंडापाशी सुटलेली होती, आणि तिथवर हात पोहोचायचा तर अस्तर उतरविणे भागच होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. काही गाड्यांत दारांच्या वर, छताच्या कडेने, पडद्यासारख्या एअरबॅग गुंडाळून ठेवलेल्या असतात. अपघातात त्या क्षणार्धात, मोठ्या जोराने फुगतात. खांबाच्या आवरणावर एअरबॅगची खूण असेल, तर घरी खटपट करू नये. आमच्या गाडीला फक्त पुढच्या दोन होत्या. तरीही बॅटरीची ऋण तार सोडवली आणि चहा होईपर्यंत थांबलो.

शनिवारी उघडीप मिळाली. उन्हाच्या झडपा, धरायच्या मुठी, दिवा, खांबांची आवरणे आणि सनरूफच्या भोकाभोवतीची रबरी किनार, असे सगळे क्रमाने सोडवले. दिव्याच्या तारा ओढायच्या नसतात. खटका दाबून जोड सोडवायचा. मग पुढच्या बैठका पार आडव्या केल्या. अस्तर म्हणजे साच्यात दाबलेला पुठ्ठा आणि त्यावर चिकटवलेले कापड. भोकाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याची अरुंद पट्टीच काय ती उरते, आणि ती तेथेच मोडते. रोपांचा ट्रे धरावा तसा तो चौघांनी सपाट धरला आणि मागच्या दाराने बाहेर काढला.

नळी तोंडावर बसवून पकड लावायला पाच मिनिटे लागली. खरा वेळ गेला तो पुठ्ठ्यावर. कापडामागचा फोम उन्हाने आणि ओलीने कुजून पिवळी भुकटी झाला होता. त्यावरच पुन्हा गोंद मारला, तर तो भुकटीलाच चिकटतो आणि कापड पुन्हा सुटते. नाकाला फडके बांधून बाजेवर ठेवलेला पुठ्ठा मऊ ब्रशने घासून काढला आणि सावलीत वाळवला. वहिनी ओसरीवरून पाहत होत्या. "भाऊजी, घराचं छप्पर गळतं तेव्हा दिसला नाहीत कधी!"

रविवारी सीटकव्हरवाल्याकडून फोम लावलेले नवे कापड आणले. गोंद उष्णता सोसणारा घेतला, कारण साधा गोंद आपल्या चैत्र-वैशाखात दम धरत नाही. मधून कडेकडे हाताने दाबत कापड बसवले. भोक मात्र कापड चिकटल्यावरच कापले, आणि मागे वळवायला चार बोटे कापड राखले.

मंगळवारी वाटेत सरींवर सरी आल्या. वहिनी कोरड्या पोहोचल्या.

आता गाडी लिंबाखाली लावू नये, असे मी पुतण्याला सांगितले. पण उन्हात तापलेल्या गाडीत बसले की वहिनींचा जीव घाबरा होतो. तेव्हा गाडी लिंबाखालीच असते, टपावर ताडपत्री टाकलेली, आणि महिन्याकाठी चारही कोपऱ्यांत पेलाभर पाणी ओतून पाहण्याचे काम वहिनींनी नातवाकडे दिले आहे.