आधी सुट्या भागांचे भाव, मग गाडी

आईच्या मणक्याचं ऑपरेशन पुण्याला झालं आणि पुढच्या तपासण्यांसाठी संभाजीनगर ते पुणे अशा आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. आमची छोटी हॅचबॅक गावातल्या गावात उत्तम होती. नगर रोडला मात्र प्रत्येक खड्डा आईच्या कंबरेत जायचा. नेवासा फाटा येईपर्यंत ती बोलायची थांबायची. ती गप्प झाली की दुखतंय, हे मला कळायचं.

गाडी बदलायचं ठरवलं तेव्हा हातात बारा लाख होते. त्यात नवीन छोट्या एसयूव्ही बसत होत्या. शोरूममध्ये आईला नेऊन मागे बसवून पाहिलं. चढउतार सोपी, पण सीट ताठ आणि खड्ड्यात हिसका तसाच. भाऊ म्हणाला, "ताई, एवढ्याच पैशात दहा वर्षांची जर्मन सेडान येते. एकदा आईला तीत बसवून तर बघ." ओळखीतल्या एकांची तशी गाडी होती. त्यांनी आम्हाला जालना रोडवरून चक्कर मारून आणली. "हिच्यात मला झोप लागेल," आई म्हणाली. तिथेच माझं मन निम्मं तयार झालं, हे कबूल करते. उरलेलं निम्मं हिशेब मांडत बसलं.

आमच्या शहरात या गाड्या नवलाच्या नाहीत. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची बातमी देशभर गाजली होती. ऑडीच्या गाड्या शेंद्र्याला जोडल्या जातात. त्यामुळे वापरलेल्या आलिशान गाड्या इथे मिळतात आणि त्यांच्यावर हात बसलेले मेकॅनिकही मिळतात. मेकॅनिक असणं जास्त महत्त्वाचं. ज्यांच्या गावापासून असा माणूस शंभर-दीडशे किलोमीटर लांब आहे, त्यांनी याच मुद्द्यावर दहादा विचार करावा. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागली, तर पुढचा माझा सगळा हिशेब दुपटीच्या घरात जातो.

मी वाळूजच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते. कोटेशन आल्याशिवाय ऑर्डर काढायची नाही, ही कामाची पद्धत. तीच इथे वापरली. गाड्या बघण्याआधी चार मॉडेलं निवडली आणि त्यांच्या सुट्या भागांचे भाव काढले: हेडलाइट, बंपर, पुढचे लोअर आर्म, शॉकअब्सॉर्बर, ब्रेक डिस्क, बॅटरी, टायर, गिअरबॉक्सचं तेल. पन्नास लाखांची गाडी दहा वर्षांत नऊ लाखांवर येते, पण तिचा हेडलाइट पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो. एका बाजूच्या हेडलाइटचा भाव लाखाच्या वर निघाला. एक लोअर आर्म कंपनीच्या डब्यात अठ्ठावीस हजारांना. तोच आर्म कंपनीला पुरवणाऱ्या मूळ उत्पादकाच्या डब्यात तेरा हजारांना. आमचा कारखानाही गाडीवाल्यांना माल पुरवतो, त्यामुळे पुष्कळदा फरक फक्त डब्याचा असतो हे मला माहीत होतं. नकली माल मात्र याच नावांनी खपतो. म्हणून पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्यायचं ठरवलं.

भाव हातात आल्यावर यादी आपोआप लहान झाली. सगळ्यात मोठ्या, एअर सस्पेन्शनवाल्या सेडान आमच्या बजेटमध्ये बसत होत्या. पण स्प्रिंगच्या जागी असलेला हवेचा फुगा रबरी असतो आणि वयानुसार चिरतो. तो गेला की गाडी त्या कोपऱ्यात खाली बसते. मागोमाग कॉम्प्रेसरवरही ताण येतो. साध्या स्प्रिंगचीच गाडी घ्यायची, हे तिथे नक्की झालं.

दिल्लीच्या गाड्या दीड-दोन लाखांनी स्वस्त दिसत होत्या. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबाबत तिकडे २०१५ मध्ये हरित लवादाचा आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश झाला, म्हणून तिकडचे लोक तेव्हा नवव्या वर्षीच गाडी काढून टाकायला बघत होते. पण ती इकडे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी आणि इथे रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात नवीन घेताना पंधरा टक्के टॅक्स आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी मूळ किंमतच मोठी असल्याने आकडा लहान राहत नाही. एजंटची फी धरली तर फायदा फारसा उरत नव्हता.

पेट्रोल की डिझेल, यावर बराच खल झाला. तेव्हा पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं होतं. आम्ही पाहिलेल्या एका पेट्रोल गाडीच्या टाकीच्या झाकणाआत फक्त दहा टक्क्यांपर्यंतची चिठ्ठी चिकटवलेली होती. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील यांची काळजी वाटत राहिली असती. आमचं चालणं मुख्यतः हायवेचं, म्हणून डिझेल घेतली. रोज गावातच दहा किलोमीटर फिरणाऱ्याला मी डिझेल सुचवणार नाही.

मग गाड्या बघायला सुरुवात केली. सोबत चिकलठाणा एमआयडीसीतले एक मेकॅनिक होते. मी त्यांना भाई म्हणते. पाहणीचे पैसे त्यांना आधीच ठरवून दिले, म्हणजे सौदा होवो न होवो, त्यांना खरं बोलायला अडचण नाही. भाईंची अट एकच होती: सकाळी जायचं आणि मालकाला आधीच सांगायचं की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर ते पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवत. एका ठिकाणी बॉनेट गरम लागलं. भाई काही न बोलता परत फिरले.

दुसऱ्या गाडीत किल्ली फिरवल्यावर इंजिनाच्या मागच्या बाजूने दोन-तीन सेकंद खरखर आली, मग थांबली. मला ती ऐकूही आली नसती. "मॅडम, ही टायमिंग चेन आहे. सोडा ही गाडी." काही जर्मन डिझेल इंजिनांत ही चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तिथे पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मजुरीच कंबर मोडते. आणि चेन तुटली तर इंजिनच जातं.

एका डीलरकडची गाडी दिसायला सगळ्यात छान होती. मीटरवर अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर. भाईंनी स्कॅनर लावला. या गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरशिवाय इतर कंट्रोल युनिटमध्येही राहते. एका ठिकाणी आकडा सव्वा लाखाच्या पुढे होता. आम्ही चहा न घेताच निघालो.

शेवटी घेतली ती २०१४ ची, एकाच डॉक्टरांच्या घरी राहिलेली. किलोमीटर एक लाख चार हजार, म्हणजे पाहिलेल्यांत कमी नव्हते. पण त्यांच्याकडे एक फाइल होती. प्रत्येक सर्व्हिसचं बिल, तारीख, किलोमीटर, बदललेल्या भागांचे नंबर. ती फाइल मी घरी आणून रात्री वाचून काढली आणि नंतरच भाव बोलले. २०२४ च्या जानेवारीत सव्वानऊ लाखांना सौदा झाला. गाडीवरच्या जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच होता. बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ येईपर्यंत मी टोकनशिवाय पैसे दिले नाहीत. दोन लाख रुपये बाजूला वेगळ्या खात्यात टाकले आणि दरमहा बारा हजार त्यात जमा करायला लागले.

विम्याचं आधी समजून घेतलं ते बरं झालं. पंधराशे सीसीच्या वरच्या गाडीला नुसता थर्ड पार्टी विमाच जून २०२२ पासून ७,८९७ रुपये अधिक जीएसटी आहे. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. आणि एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, कोणी देईना. तो नसताना क्लेम केला तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत आपल्या खिशातून जाते. लाखाचा हेडलाइट फुटला तर पन्नास हजार आपले. मी त्या दिवसापासून गर्दीच्या पार्किंगमध्ये गाडी लावत नाही, लांब लावून चालत येते.

पहिल्याच महिन्यात गिअरबॉक्सचं तेल बदललं. गाडीच्या पुस्तकात ते आयुष्यभर बदलायचं नाही असं होतं. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या चेंबरमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे अख्खा चेंबर बदलावा लागतो. सगळं मिळून अडतीस हजार. मागोमाग पुढचे आर्म आणि बुश, दोन्ही बाजू मिळून चौपन्न हजार. नगर रोडचा हा खर्च आहे, गाडीचा दोष नाही.

एप्रिलात जे झालं त्याने मात्र मी घाबरले. आई मागे झोपली होती. पांढरीपूल सोडून इमामपूर घाट चढताना कूलंटचा लाल दिवा लागला. मी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. खाली गुलाबी पाण्याची धार होती. उन्हात आईला रस्त्याकडेला बसवताना माझे हात थरथरत होते. नवीन गाडी घेतली असती तर, हा विचार आलाच. भाईंना फोन केला. ते म्हणाले, "पाणी टाकून पुढे नेऊ नका, एक किलोमीटरही नाही. आणि ओढून आणू नका, फ्लॅटबेडच मागवा." ऑटोमॅटिक गाडी चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स खराब होतो. आईला मागून आलेल्या एका कुटुंबाने आपल्या गाडीतून नगरच्या मावशीकडे पोचवलं. त्यांचे उपकार आहेत.

निघालं काय, तर कूलंटच्या पाइपचा प्लास्टिकचा सांधा. भाईंनी तो चिमटीत धरून दाबला आणि तो बिस्किटासारखा तुटला. दहा वर्षांच्या उष्णतेने प्लास्टिक तसं होतं. आम्ही तो एकच न बदलता त्या वयाचे सगळे सांधे आणि पाइप बदलून घेतले. फ्लॅटबेड धरून एकोणीस हजार. इंजिन वेळेत बंद केलं नसतं तर सिलिंडर हेड वाकलं असतं आणि बिल काही लाखांवर गेलं असतं. अशी गाडी घेणाऱ्याने रबरी आणि प्लास्टिकचे पाइप बिघडण्याची वाट बघू नये. पहिल्या उन्हाळ्याच्या आधीच ते बदलावेत.

बॅटरी चोवीस हजारांची निघाली. नवी बसवल्यावर स्कॅनरने गाडीला तसं कळवावं लागतं, नाहीतर ती जुनी समजूनच चार्ज करत राहते. टायर रनफ्लॅट होते, म्हणजे पंक्चर झाल्यावरही ऐंशी किलोमीटर हळू जाता येतं, पण स्टेपनी नाही आणि चाल कडक. एका टायरला बाजूने फुगा आल्यावर चारही साधे टायर घातले, छप्पन्न हजारांत, आणि डिकीत छोटी स्टेपनी ठेवली. आईला सगळ्यात मोठा फरक याच बदलाने पडला.

विमा धरून पहिल्या वर्षी एक लाख चौऱ्याऐंशी हजार गेले, दुसऱ्या वर्षी एक लाख चव्वेचाळीस. डिझेल वेगळं: हायवेला पंधराचं अॅव्हरेज, गावात दहा. म्हणजे दुरुस्ती-देखभालीला महिन्याला साधारण चौदा हजार. आज विकली तर साडेसहा-सात लाख येतील असं डीलर सांगतात. ज्याला हे चौदा हजार हप्त्याच्या वर भरावे लागतील, त्याने कर्ज काढून ही गाडी घेऊ नये, असं मी ऑफिसात विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दोघांनी माझे कागद बघून विचार बदलला. एकाने जुनी कॅमरी घेतली आणि तो खूश आहे.

२०२९ ला गाडीची पंधरा वर्षं भरतील. पुन्हा नोंदणीची फी २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली आहे, शिवाय पर्यावरण कर. तोपर्यंत ठेवायची असा विचार आहे. सध्या मागच्या शॉकअब्सॉर्बरमधून तेल पाझरतंय. मूळ उत्पादकाच्या जोडीचं कोटेशन मजुरीसह अडुसष्ट हजार आलंय, खात्यात दीड लाखाच्या आसपास शिल्लक आहे. आईची पुढची तपासणी पावसाळ्याआधी आहे, त्याच्या आत काम उरकायला भाईंकडे नंबर लावलाय.