कानाची खाज

मनुष्यास दोन कान दिलेले आहेत ते ऐकण्यासाठी. परंतु गेल्या पावसाळ्यात आमची अशी ठाम समजूत झाली होती, की ते केवळ खाजविण्यासाठीच निर्माण झाले असावेत!

आमचे बिऱ्हाड उज्जैनच्या माधव नगरात. आषाढाच्या आरंभी क्षिप्रेच्या रामघाटावर मित्रांसह डुंबण्याची आम्हांस भारी हौस, आणि घरी परतताच ओल्या कानांत इअरफोन खुपसून गाणी ऐकण्याची त्याहून अधिक. आठ-दहा दिवसांत उजवा कान खाजू लागला. प्रथम करंगळी, मग किल्ली, मग आगकाडी आणि शेवटी ताईच्या केसांचा आकडा, अशी आमची शस्त्रे क्रमाने वाढत गेली. कान कोरताना जे सुख लाभे त्याचे वर्णन काय करावे! परंतु ते घटकाभरच टिके. मागाहून खाज दुपटीने उसळे. कधी कोरता कोरता एकाएकी खोकल्याची उबळ येई, याचे मात्र आम्हांस मोठे नवल वाटे.

त्याच सुमारास घरात दुसरी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे मात्र आम्ही कानाडोळा केला. आजोबांना कमी ऐकू येते. ते यंत्र लावतात. श्रावण लागला आणि त्यांनी यंत्र पेटीत ठेवून दिले. कोणी विचारले तर म्हणत, "आता ऐकण्यासारखे राहिले आहे तरी काय?" जेवताना ते खाली मान घालून बसत. महाकालाची पहिली सवारी पाहावयास आम्ही सर्व गेलो, तेव्हा दरवर्षी पुढे धावणारे आजोबा घरीच राहिले. वृद्धापकाळामुळे त्यांचे मन उडाले, असा आम्ही सर्वांनी समज करून घेतला.

एके दिवशी सकाळी आमचा उजवा कान बंदच झाला. आईची हाक दुरून आल्यासारखी वाटली. आपला पडदा फुटला, आता जन्मभर बहिरेपण, या विचाराने छातीत धस्स झाले. बाबांनी आम्हांस कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून कानात पाहून सांगितले, की पडदा शाबूत आहे; पण नळीत बुरशी वाढली आहे. भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा पांढरा थर आणि त्यावर काळे ठिपके. तो थर त्यांनी यंत्राने ओढून काढला, क्लोट्रिमाझोलचे थेंब दिले आणि कान कोरडा ठेवण्याची ताकीद दिली. थर निघताच खाज कमी झाली; तरी थेंब सांगितले तितके दिवस पुरे करावयाचे, मध्येच सोडावयाचे नाहीत.

मग त्यांनी आमची चांगलीच कानउघाडणी केली. सोनारानेच कान टोचावेत, ते असे! कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची. मळ तिच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यातच तयार होतो. तो घाण नव्हे. किंचित आंबट असल्यामुळे तो जंतूंना व बुरशीला आवर घालतो, आणि कातडीच्या हळूहळू बाहेर सरकण्याने आपोआप बाहेर येतो. काडी घातली की तो आतच ढकलला जातो व कातडी सोलवटते. खोकल्याचे कोडेही उलगडले: घशाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचीच एक शाखा कानात येते. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले, त्यांत 'कर्णकंडू' म्हणजे कानाची खाज हा एक आहे; तेव्हा हे दुखणे काही आजचे नव्हे.

खाजेची इतर कारणेही त्यांनी सांगितली: कोरडी कातडी, कोंडा, इसब, कर्णभूषणांतील निकेल आणि कानात बसणाऱ्या यंत्राच्या साच्याचा त्रास. हे शेवटचे शब्द ऐकताच बाबा आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले.

दुसऱ्याच दिवशी आजोबांना घेऊन गेलो. त्यांच्या कानात बुरशी नव्हती. साच्याखाली घाम कोंडून कातडी लाल झाली होती, आणि मळ घट्ट बसला होता. "आजोबा, आम्हांला सांगितले का नाही?" असे विचारता ते म्हणाले, "अरे, तू रात्रंदिवस कान खाजवत होतास, तुला कोणी काही म्हटले? मीही तसेच सोसले." मळ काढला, सौम्य मलम मिळाले, निराळ्या पदार्थाचा साचा करून घेतला. रात्री यंत्र काढावे व साचा पुसून कोरडा ठेवावा, हे काम आजोबांनी आमच्याकडे सोपविले.

आमच्या वाचकमित्रांस सांगणे एवढेच, की लसणीचे कढत तेल किंवा घरातले जुने थेंब कानात घालू नयेत. पडद्यास भोक असेल तर ते घातक ठरतात. कान दुखला, वाहिला, रक्त आले किंवा ऐकू येईनासे झाले तर वेळ दवडू नये. मधुमेह्यांनी तर मुळीच नाही. आम्ही स्वतः आता कानाला खडा लावला आहे!

शेवटच्या सवारीस आजोबा आमच्यासंगे आले. पालखी दृष्टीस पडण्यापूर्वीच त्यांनी आमचा हात दाबून म्हटले, "झांजा वाजताहेत, ऐकलेस?" आम्हांस त्या अजून ऐकू आल्या नव्हत्या.