चांदनीचं पंचांग

भुसावळहून खंडव्याकडे निघालं की रावेर, बऱ्हाणपूर, असीरगड रोड आणि मग चांदनी. पुढचं स्टेशन नेपानगर. लांब पल्ल्याच्या गाड्या इथून धुरळा उडवत निघून जातात, थांबते ती पॅसेंजर. मी इथे पहिल्यांदा उतरले ती डिसेंबरात, न्यू जर्सीहून आलेल्या काका-काकूंना घेऊन. काकांचं आजोळ भुसावळचं, म्हणून पॅसेंजरनेच जायचा हट्ट त्यांचा. त्यांच्या कुटुंबाचं तिकडे एक छोटंसं फाउंडेशन आहे. त्याचे इकडचे पैसे कुणाला, किती आणि कधी द्यायचे, ते बघायचं काम माझं. जळगावच्या माझ्या घरातली एक खोली म्हणजे त्या फाउंडेशनचं भारतातलं सगळं कार्यालय.

स्टेशनपासून जीपने आत, डोंगराच्या पायथ्याला कोरकूंची वस्ती. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ लागलं की अनेकवचन; कोरकू म्हणजे नुसती माणसं. भाषा मुंडारी-संथाळीच्या कुळातली, त्या कुळाचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. तिथल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला आमचं अनुदान होतं. हजेरीपटावर ३४ नावं, समोर मोजून ३४ मुलं. काकू हरखून गेल्या. शिकवणाऱ्या ताईने हजेरी घ्यायला सुरुवात केली. दहा-बारा नावं झाली आणि एका नावाला कुणी ओ देईना. ताईने पुन्हा पुकारलं. दुसऱ्या रांगेतल्या एका पोराला शेजारच्याने कोपर मारलं, तसा तो दचकून उभा राहिला. “हाजिर!”

एकदा शंका आली की सगळंच दिसायला लागतं. वस्तीची माती काळी. पुढे बसलेल्या पाच-सहा जणांच्या पावलांवर मात्र लाल फुफाटा. ही पोरं दुसरीकडून चालत आलेली होती.

निघताना एका घराच्या ओट्यावर म्हातारी काहीतरी निवडत बसली होती. मी सहज म्हटलं, पोरं बरीच आहेत की तुमच्याकडे. ती हसली. “अपने वाले तो सब गन्ने में गए, बाई. होली पे आएँगे.”

परतीच्या गाडीत मी वर्ग चालवणाऱ्या संस्थेवर चांगलीच चिडले होते. काका-काकूंना काही बोलले नाही, पण मनात पुढच्या हप्त्याचं पत्र लिहून झालं होतं, तेही कडक शब्दांत. घरी येऊन जुने मेल काढले. ऑक्टोबरातला माझाच मेल सापडला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात देणगीदार येत आहेत, त्या दिवशी सर्व मुलं उपस्थित राहतील असं पाहावं. सर्व हा शब्द मी ठळक केला होता. डिसेंबरात का? तर काकांच्या नातवंडांना नाताळची सुट्टी. संस्थेच्या कार्यकर्त्याने ‘मुलं नाहीत’ असं का कळवलं नाही, हे विचारण्यात अर्थ नव्हता. पैसे देणाऱ्याला आपल्याकडे कोण नाही म्हणतं? तो मेल मी अजून ठेवला आहे.

त्यानंतर हळूहळू लक्षात आलं, की या कामात पैसे कमी पडण्यापेक्षा अवेळी पोचण्यानेच जास्त घोळ होतात. माझ्या टेबलावर तीन पंचांगं असतात आणि तिन्हींचा मेळ कधी बसत नाही. पहिलं अमेरिकेचं, जानेवारी ते डिसेंबर. तिकडे करात सवलत हवी तर देणगी ३१ डिसेंबरच्या आत द्यावी लागते. शिवाय एका कुटुंबाच्या पैशावर चालणाऱ्या फाउंडेशनला गुंतवणुकीच्या साधारण ५ टक्के रक्कम दरवर्षी धर्मादाय कामासाठी बाहेर काढावीच लागते. परदेशातल्या संस्थेला द्यायची तर ती संस्था तिकडच्या धर्मादाय संस्थेच्या तोडीची आहे हे तरी ठरवून घ्या, नाहीतर पै-पैच्या खर्चाची जबाबदारी स्वतःवर घ्या. मग आधी चौकशी, लेखी करार, रकमेचा वेगळा हिशेब, वर्षाचे अहवाल. हे सगळं करणारी विश्वस्तांची बैठक आमच्याकडे नोव्हेंबरात होते. दुसरं पंचांग इकडचं, एप्रिल ते मार्च. सरत्या वर्षाचं परकीय देणग्यांचं विवरण, म्हणजे एफसी-४, नऊ महिन्यांत भरायचं. त्याचीही शेवटची तारीख ३१ डिसेंबर. दोन्ही देशांचे सीए एकाच आठवड्यात फोन उचलत नाहीत, ते यामुळे.

तिसरं पंचांग वस्तीचं. ते कुठे छापलेलं नाही. पावसाळ्याच्या मधल्या दिवसांत घरातलं धान्य तळाला जातं. त्याच सुमाराला मुकादम येतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एका कोयत्यामागे ठरलेली उचल तो रोख मोजून जातो. दसरा-दिवाळी झाली की ट्रक येतो आणि वस्ती रिकामी होते. ऊस तोडणारे महाराष्ट्रात, त्याहून खालीही जातात. कामं आटोपून किंवा अर्धवट टाकूनही, होळीला मात्र माणसं परत येतात. कोरकूंचा खरा सण होळी. दिवाळीला तुम्ही घरी नसलात तर चालतं, होळीला नाही.

मला त्या मुकादमाचा हेवा वाटतो, हे लिहायला संकोच होतो, पण वाटतो. त्याची उचल फेडता फेडता माणसं पुढच्या हंगामालाही बांधली जातात, हिशेब त्याच्याच वहीत असतो, हे सगळं मला माहीत आहे. तरी घरातला डबा कधी रिकामा होतो हे त्याला ठाऊक असतं आणि तो त्याच संध्याकाळी पैसे घेऊन दारात उभा असतो. आमचा अर्ज, छाननी, बैठक, करार, दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतलं परदेशी देणग्यांसाठीचं ते सक्तीचं खातं, तिथून गावच्या शाखेत, असं करत रक्कम पोचेपर्यंत फेब्रुवारी उजाडायचा. आजी-आजोबांकडे मागे राहिलेल्या मुलांच्या संध्याकाळच्या जेवणासाठी मागितलेले पैसे पोरांचे आईबाप परत यायच्या बेतात असताना हातात पडायचे. मग संस्था त्यातून ताटं-वाट्या घ्यायची. अहवालात ताटांचा फोटो. आम्ही खूश.

याच्या उलट उदाहरणही आहे. जर्मन पैशांतून महाराष्ट्रात पाणलोटाची मोठी कामं झाली. फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या कामात गावाला आधी स्वतःचं श्रमदान घालावं लागे. थोडं क्षेत्र करून दाखवा, मग मोठी रक्कम. त्यातलं श्रमदान सगळ्यांना आठवतं. मला त्यातला थांबायचा भाग जास्त शिकण्यासारखा वाटतो. गाव तयार होईपर्यंत पैसा थांबायचा. आमच्याकडे पैशासाठी गावाला थांबावं लागतं. परदेशी पैसा आपल्याकडे नवा नाही; हेमलकशाचा पहिला छोटा दवाखाना १९७५ साली ‘स्विसएड’च्या मदतीने उभा राहिला. अमेरिकेतल्या मराठी लोकांचं महाराष्ट्र फाउंडेशनही १९७८ पासूनचं. पैसा येण्याची वाट जुनीच आहे, तिच्यावरचे नाके मात्र वाढत गेले.

२०२० च्या सप्टेंबरात परकीय देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएत, दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी रक्कम दुसरीला देणं बंद झालं. तोवर आमचे पैसे आधी एका मोठ्या, नोंदणी असलेल्या संस्थेकडे यायचे आणि तिथून चांदनीच्या बाजूच्या चार-पाच कोरकू तरुणांच्या छोट्या संस्थेकडे जायचे. हे तरुण गावातच राहणारे, कुणाचं पोर कुणाकडे ठेवलं आहे हे पाठ असलेले. त्यांना स्वतःची एफसीआरए नोंदणी हवी तर संस्थेला तीन वर्षं झालेली हवीत आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. यांचा वर्षाचा सगळा खर्च दोन-अडीच लाख, त्यात निम्मं तेल, डाळ आणि ज्वारी. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० वर आली. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा पगार कामाच्या खर्चात बसतो, पण हे सगळे फॉर्म भरणाऱ्या हिशेबनीसाचा त्या वीसमध्ये. फॉर्म तेवढे वाढले.

काका फोनवर वैतागले. “अगं, माझ्याच देशात मी परका?”

“काका, कायद्याने हो. तुमचा पासपोर्ट अमेरिकेचा.”

पलीकडून काकूंचा आवाज आला, भाजी परतता परतता बोलत असाव्यात. “माझा नाहीये.”

चाळीस वर्षं तिकडे राहून काकूंनी ग्रीन कार्डावरच भागवलं होतं. काका त्यांना हट्टी म्हणायचे. भारतीय नागरिक परदेशात राहत असला आणि आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत देणगी देत असला, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. ओसीआय कार्डवाल्या काकांचा चेक परकीय, त्यांच्याशेजारी बसलेल्या काकूंचा देशी. सीएकडून मी दोनदा खात्री करून घेतली. काकूंनी पुण्यातल्या बँकेतल्या आपल्या खात्यातून पैसे पाठवले. कुणाची बैठक नाही, ठराव नाही. पैसे पोचले तेव्हा भाद्रपद चालू होता. त्या वर्षी दसऱ्यानंतर पहिल्याच संध्याकाळी पंगत बसली. ११ मुलं होती. मावशींनी पंधरांचं केलं होतं, कारण आजी-आजोबाही येऊन बसतील हे त्यांना माहीत होतं. अर्जात आजी-आजोबांसाठी रकाना नव्हता. मी तो घातला.

फाउंडेशनच्या बाकीच्या अनुदानांसाठी मला वेगळाच मार्ग काढावा लागला. नोव्हेंबरच्या बैठकीत आता मी या हंगामाचं काही मागतच नाही. पुढच्या दसऱ्याचं मागते, आणि रक्कम ऑगस्टात पाठवायची असं करारातच लिहून घेते. विश्वस्तांपैकी एकांना ते पटलेलं नाही. दहा महिने आधी गरज कशी कळते, असं ते दरवर्षी विचारतात. मी दरवर्षी सांगते, मुकादमाला विचारून.

गेल्या फाल्गुनात मी एकटीच गेले होते. चांदनीला उतरले तेव्हा ऊन उतरलं होतं. वाटेवर बायका-पोरींनी रस्त्यावर लाकूड आडवं टाकून जीप अडवली. फगवा दिल्याशिवाय सोडेनात. पन्नास दिले, मग अजून पन्नास. पुढच्या वळणावर दुसऱ्या टोळीने अडवली. वस्तीत पोचेपर्यंत खिशातले सुट्टे संपले आणि त्याची पावती कशी लावायची हा प्रश्न उरला. वर्गात मुलं ४१ होती. पटावर ३६. वरची पाच पाहुण्यांची, ती त्यांनी आपणहून सांगितली. हजेरी घ्यायला कुणी बसलंच नाही. पोरं बाहेर ढोलकीपाशी पळाली, ताईही गेली.

अंगणातला फोटो काढून मी न्यू जर्सीला पाठवला. रंगाने माखलेली तोंडं, मागे ढोलकी, कडेला ती ओट्यावरची म्हातारी. रात्री काकांचं उत्तर आलं.

“छान. पण कोण कोण आहे ते ओळखू येत नाही. डिसेंबरातले फोटो स्वच्छ यायचे.”