साखरपुड्याची मुदत ठेव

आमच्याकडे साखरपुडा आणि लग्न यांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडलं, की आत्या-मावश्यांच्या पोटात गोळा येतो. "अहो, माणसाचं मन बदलतं!" अशा वेळी मला थॉमस हेन्री हक्सले आठवतो. पुढे डार्विनची बाजू घेऊन भल्याभल्यांशी भांडलेला शास्त्रज्ञ तो हाच. त्याचा साखरपुडा आठ वर्षं चालला, आणि त्यातली शेवटची पाच निव्वळ पोस्टाच्या भरवशावर!

१८४७ साली हा बावीस वर्षांचा तरुण आरमारी जहाजावरचा दुय्यम सर्जन म्हणून सिडनीला पोचला. तिथे त्याला हेन्रिएटा हीथॉर्न भेटली आणि त्याच वर्षी दोघांनी शब्द दिला-घेतला. जहाजाचं नाव होतं 'रॅटलस्नेक', म्हणजे शेपटी वाजवणारा साप. आपल्याकडच्या वधूपित्यानं तेवढ्यावरच 'पत्रिका जुळत नाही' असं कळवलं असतं. १८५० मध्ये जहाज सर्जनसकट इंग्लंडला परतलं. हेन्रिएटा सिडनीतच राहिली.

तेव्हा एक पत्र पोचायला तीन-चार महिने लागत. समजा, यानं जानेवारीत विचारलं, 'खोकला कसा आहे?' तर 'कोणता खोकला?' हे उत्तर ऑगस्टात हाती. रुसवेफुगवे तर परवडायचेच नाहीत. रुसल्याची बातमी पोचेपर्यंत रुसणारीच कारण विसरायची! पूर्वी बाहेरगावचा चेक वटायला तीन आठवडे लागले, की आमचे खातेदार काउंटरवर मूठ आपटत. त्यांना हक्सलेची गोष्ट सांगावीशी वाटे. पण मागे रांग असे.

घोडं पेंड खात होतं ते पैशापाशी. १८५१ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला सभासद करून घेतलं, १८५२ मध्ये सुवर्णपदक दिलं. पण संसार चालेल अशी नोकरी काही मिळेना. टोरांटोला प्राध्यापकीसाठी अर्ज केला, तोही फेटाळला गेला. सुवर्णपदकावर फार तर कर्ज मिळतं, संसार होत नाही. १८५४ मध्ये आरमारानं 'जहाजावर हजर व्हा' म्हटलं. यानं नकार दिला आणि नाव कापलं गेलं. नशीब एवढंच, की त्याच वर्षी लंडनच्या सरकारी खाण-विद्यालयात जागा मिळाली.

यात खरी जोखीम होती हेन्रिएटाची. बावीसची पोर तिशीला आली. हाती काय, तर पत्रांचा गठ्ठा. तारण नाही, जामीनदार नाही. आमच्या शाखाधिकाऱ्यानं हे खातं तिसऱ्याच वर्षी बुडीत धरलं असतं. तिनं नाही धरलं.

१८५५ मध्ये ती इंग्लंडला पोचली ती आजारीच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, 'फार तर सहा महिने.' हक्सले म्हणाला, सहा तर सहा, लग्न हिच्याशीच! जुलैत लग्न झालं. पुढे आठ मुलं झाली. १८९५ मध्ये हक्सले गेला. हेन्रिएटा गेली १९१४ साली.

डॉक्टरांच्या हिशेबात अठ्ठावन्न वर्षांची तफावत निघाली. तिच्या हिशेबात एका पैचीही नाही.