थरथरणारी गाडी

के. आर. पुरमच्या झुलत्या पुलाजवळच्या कोंडीत थांबले, की त्यांची जुनी डिझेल गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरू लागे. "विकून टाका एकदाची!" बाईंचा हुकूम. पण ती आप्पांच्या माघारी राहिलेली गाडी. प्लग बदलावा, तर डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लगच नसतो!

म्हाताऱ्या मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल केला. दोनदा इंजिन अडखळले. तिसऱ्याला आवाज तसाच. "हा झोपलाय!" तो हिंदीत म्हणाला. नोझल बदलले. (नव्या कॉमन रेल गाड्यांत हा प्रयोग मुळीच करू नये, तिथल्या दाबाने डिझेल कातडीत घुसते.)

परतताना पुन्हा तीच कोंडी. बाईंनी दचकून विचारले, "अहो, बंद पडली का?"