काळ्या रानातील पिकअप

अहमदपूरहून शिरूर ताजबंदमार्गे मुखेडकडे जाणारा किंवा लोह्याहून कंधारकडे वळणारा डांबरी रस्ता आता बारमाही झाला असला, तरी ज्या मालासाठी तो बांधला तो माल काही त्या रस्त्यावर पिकत नाही. तो पिकतो रस्त्यापासून कोस-दीड कोस आत, जिथे पोहोचण्यासाठी महसुली नकाशात तुटक रेघांनी दाखवलेली आणि प्रत्यक्षात पावसाळ्यात ओढ्याचे काम करणारी पाणंद तेवढी असते. शेतकऱ्यांच्या एका गटाने बीजोत्पादनाचा व्यवहार हाती घेतला आणि शेतातून माल उचलून लातूरला पोहोचवण्याची तजवीज माझ्याकडे सोपवली, तेव्हा या पाणंदींशी माझा नित्याचा संबंध आला. गटाच्या मालकीची गाडी म्हणजे दुसऱ्या हातची, एमएच २४ पाटीची बोलेरो पिकअप. इंजिन पुढे, ओढ मागच्या दोन चाकांना, आणि चारही चाके ओढणाऱ्या ज्या गाड्यांना सगळे सरसकट ‘फोर बाय फोर’ म्हणतात, त्या जातीशी तिचे दूरचेही नाते नाही.

बाजारात विकायच्या सोयाबीनला एखादा पाऊस लागला तर भाव पडतो, पण बियाण्याच्या सोयाबीनला तो लागला तर सर्वस्वच जाते, कारण या दाण्याचे टरफल इतके नाजूक की मळणीयंत्राचा वेग वाढला तरी ते तडकते आणि काढणीच्या वेळी ओल लागली की उगवणशक्ती झपाट्याने खालावते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या एमएयूएस ७१ सारख्या वाणाचे बी मळून पोत्यात भरले की ते त्याच दिवशी छपराखाली जावे, असा आमचा शिरस्ता. आणि परतीच्या पावसाचा शिरस्ता असा, की तो नेमका याच पंधरवड्यात येतो. तेव्हा गाडीने शेतापर्यंत जावे आणि भरून परत यावे, ही केवळ हौसेची बाब नव्हती.

अडचणीचे मूळ जमिनीत आहे. दख्खनच्या लाव्हारसातून, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या काळ्या पाषाणातून ही माती झाली, आणि तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी पिऊन फुगते व वाळले की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात ज्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो त्या मृगाच्या पहिल्या दोन पावसांत मिटतात. परंतु ही माती प्रत्येक ओलीला एकसारखी वागत नाही, हे तिच्यावर चाक फिरवल्याशिवाय उमगत नाही. भुरभुर पाऊस पडून गेला की खाली कठीण आणि वर बोटभर निसरडा थर तयार होतो, त्यावर गाडी आडवी सरकते. त्याहून अधिक ओल झाली की माती टायरच्या खाचांत अशी गच्च बसते की रबराचा टायर दिसेनासा होऊन त्याच्या जागी मातीचा गुळगुळीत गोळा फिरू लागतो. आणि पाणी उभे राहिले की चाक धुऊन निघते, त्यामुळे तळ कठीण असेल तर तेच ठिकाण पुन्हा पार करता येते. त्यातही गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यातील माती पुरुषभर खोल, तर बालाघाटाच्या माळावर वीतभर मातीखाली लगेच मुरूम; म्हणून एका तालुक्यात उपयोगी पडलेला उपाय दुसऱ्यात निष्फळ ठरतो.

अशा जमिनीत पिकअपचे दुखणे असे, की तिला शक्ती कमी पडत नाही, पकड कमी पडते. ती बनवली आहे हौद्यात दीड टनाच्या घरात माल असेल असे गृहीत धरून. रिकामी असताना वजन पुढे इंजिनावर आणि ओढ मागे, अशी विसंगती उत्पन्न होते आणि मागची चाके जागच्या जागी फिरून आपलाच खड्डा खणतात. ही कैफियत घेऊन मी नांदेडला आणि लातूरला जे जे कारागीर भेटले त्यांना विचारले, तेव्हा प्रत्येकाने काही ना काही लोखंड चढवण्याचा सल्ला दिला. एकाने पाटे वाढवून गाडी उचलायला सांगितले, दुसऱ्याने मापापेक्षा मोठे टायर सुचवले, आणि तिसऱ्याने तर डिफरन्शियलला वेल्डिंग मारून दोन्ही चाके कायमची एकजीव करण्याची तयारी दाखवली.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना कायद्याचीच हरकत होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न असा फेरबदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसाच निर्वाळा दिलेला आहे. गटाच्या मालाचा विमा आणि गाडीचे दाखले माझ्या सहीने असल्यामुळे परिवहन दप्तरात उत्तरे देत बसण्याची मला मुळीच इच्छा नव्हती. पण कायदा बाजूला ठेवला तरी पाटे वाढवण्याचा उपाय तर्काला पटत नव्हता. पाटे वाढवले की हौदा उंच होतो. मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोल डबा मात्र जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो, कारण तो पाट्यांच्या वर टांगलेला नसून चाकांबरोबर एकाच आसावर आहे, आणि पाणंदीत टेकतो तो हाच डबा. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांच्या मधोमध जो उंचवटा उरतो त्यावर तो बसला, की मागची चाके अधांतरी होतात.

म्हणून मी उलट्या दिशेने आरंभ केला. पूर्वीच्या मालकाने अतिरिक्त भारासाठी दोन्ही बाजूंना एकेक पाटा जास्तीचा घातला होता, तो काढवला. त्यामुळे हौदा थोडा खाली बसला खरा. परंतु रिकामी गाडी खाचखळग्यांत जी टणाटण उड्या मारीत होती ती थांबली, आणि ज्या क्षणी चाक हवेत असते त्या क्षणी ते काहीच ओढत नाही हे लक्षात घेता, चाक जमिनीला धरून राहू लागले हा लाभ उंचीपेक्षा मोठा होता. रिकाम्या फेरीला हौद्यात वाळूची पोती ठेवण्याचा बंदोबस्त केला, तीही फाळक्याजवळ नव्हे, तर बरोबर एक्सलच्या माथ्यावर, दोराने जखडून. मागे सरकवलेले ओझे पुढची चाके हलकी करते आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. शिवाय वेळप्रसंगी पोते फोडून वाळू चाकाखाली पसरता येते.

यानंतर हात घातला तो हवेला, आणि साऱ्या उद्योगात सर्वांत मोठे फळ मिळाले ते येथेच. डांबरावर भरल्या गाडीच्या मागच्या टायरांत मी साठच्या आसपास हवा ठेवतो. हे टायर शेतात दगडासारखे कडक राहून मातीत पाते रोवतात. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो. तोच भार सुमारे दुप्पट जागेवर विभागला जातो, आणि रबराची कड वाकत राहिल्यामुळे खाचांतील माती काही प्रमाणात आपोआप सुटते. रिकाम्या गाडीला तीसच्या आत आणि भरलेल्या गाडीला चाळीसपर्यंत उतरायचे, वेग माणसाच्या चालीइतका ठेवायचा, आणि डांबर लागताच बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने पुन्हा पूर्ण हवा भरायची, असा नियम मी स्वतःवर घालून घेतला. यात एक धोका आहे आणि तो ध्यानात ठेवलाच पाहिजे: आमचे टायर ट्यूबचे असल्यामुळे हवा फार उतरली आणि वर जोराचा झटका बसला, तर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा वॉल मुळापासून उपटतो.

टायरांची निवड करताना मात्र रुंदीचा मोह सोडावा लागला. पुढे रिब आणि मागे लग नक्षीचे, मूळ मापाचेच टायर मी घेतले. कारण माळावरच्या उथळ मातीत अरुंद चाक चिखल कापून खालच्या मुरमाला भिडते, तर रुंद चाक वरच्यावर घसरत राहते. फोर्ड कंपनीने १९०८ मध्ये काढलेली ‘मॉडेल टी’ मोटार अमेरिकेतील चिखलमय शेतरस्त्यांवर चालली ती मागच्या दोनच चाकांच्या ओढीवर; तिची चाके उंच व अरुंद, अंग हलके, आणि पाटे इतके लवचिक की एक चाक खड्ड्यात गेले तरी उरलेली तीन जमीन सोडीत नसत. आपल्या बैलगाडीचे चाक उंच आणि अरुंद असते तेही याच न्यायाने.

राहता राहिला डिफरन्शियलचा प्रश्न. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते म्हणून दोन्ही चाकांना स्वतंत्र गतीची मुभा देणारी ही योजना डांबरावर अत्यावश्यक. पण ती दोन्ही बाजूंना सारखाच पीळ देते, आणि एक चाक राडीत मोकळे फिरू लागले की त्याला जेवढा क्षीण पीळ पुरतो तेवढाच पक्क्या जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो. महिंद्रने २०२१ मध्ये आणलेल्या बोलेरो निओच्या वरच्या प्रकारात, ओढ मागच्या दोन चाकांचीच ठेवून, चाक घसरताच आपोआप जुळणारे कुलूप दिले, यावरून या रोगाचे निदान निर्मात्यांनाही मान्य आहे असे दिसते. आमच्या गाडीला ते कुलूप नाही. वेल्डिंगचा मार्ग मी नाकारला, कारण मग डांबरी वळणावर टायर घासतात आणि एक्सल तुटण्याची भीती राहते. उरतो तो हँडब्रेक. तो मागच्याच दोन चाकांवर असल्यामुळे, अर्धवट ओढला की मोकळ्या चाकाला विरोध निर्माण होतो आणि तेवढाच पीळ दुसऱ्या चाकाकडे जातो.

या सर्व तयारीची कसोटी मन्याडच्या खोऱ्यात, कंधारच्या अलीकडच्या एका शिवारात लागली. दसरा होऊन गेलेला, मळणी आटोपलेली, हौद्यात पोती लागलेली, आणि पश्चिमेकडून आभाळ उतरत आलेले. शेत आणि पाणंद यांच्यामध्ये एक ओढा, त्याची पलीकडची चढण ओली. मी टायरजवळ बसून वॉलची पिन दाबली, तसे शेताचे मालक काठी टेकीत आले आणि म्हणाले, “काय करूलालाव, भाऊ? भरल्या गाडीची हवा सोडल्यावर ती बसंल की जाग्यावर!” मी म्हटले, “काका, बसली तर तुमचा ट्रॅक्टर आहेच. पण आधी तुराट्यांचे चार भारे द्या.” त्यांच्या मुलाने धुऱ्यावर रचलेल्या गतवर्षीच्या तुराट्या आणल्या. त्या गाडीच्या दिशेला समांतर टाकल्या तर चाकाखालून मागे फेकल्या जातात, म्हणून चढणीवर चाकोरीला आडव्या, एकीला एक लागून अंथरल्या. फावड्याने मधला उंचवटा वीतभर छाटला. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय न हलवता, गाडी ओढ्यात उतरवली. निम्म्या चढणीवर उजवे चाक भरारा फिरू लागले. हँडब्रेक दोन दात ओढला, गाडी क्षणभर थरथरली, डावे चाक तुराट्यांवर कडकड वाजत चढले आणि आम्ही पाणंदीला लागलो. डांबराच्या कडेला हवा भरीत असताना ताडपत्रीवर टपोरे थेंब पडू लागले. पोती मात्र कोरडी होती.

तथापि काही मर्यादा कोणत्याही युक्तीने ओलांडता येत नाहीत, आणि त्या मी लेखी नोंदवून चालकांच्या हाती दिल्या आहेत. पूल पाण्याखाली गेला असेल तर थांबावे. ओढ्याचे पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर असेल, किंवा गढूळ आणि वाहते असेल, तर उतरू नये. आणि शेतात वाफसा आलेला नसेल, म्हणजे मूठभर माती दाबून केलेला गोळा बोटाच्या टिचकीने फुटत नसेल, तर ऊन पडून दुपार होईपर्यंत गाडी डांबरावरच ठेवावी. याबाबत पुस्तकापेक्षा शेतमालकाचा शब्द प्रमाण मानावा, कारण कोणत्या बांधाखाली रान चिबडते हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते.

यंदा गटाच्या बैठकीत चारही चाकांच्या ओढीची नवी गाडी घेण्याचा प्रस्ताव आला आणि माझा अभिप्राय विचारण्यात आला. मी जमाखर्च मांडला: पाटा काढण्याची मजुरी, लग टायरांची जोडी, पंप, ओढण्याचा पट्टा, चासिसला नटबोल्टने बसवलेले आकडे आणि जॅकखाली ठेवायची जाड फळी, एवढ्यात बहुतेक शिवारे आटोक्यात आली आहेत, जी उरली आहेत त्यांत चारही चाकांच्या ओढीची गाडीही गच्च भरलेल्या टायरांनी तशीच रुतेल, फक्त चार पावले पुढे जाऊन. तेव्हा नव्या गाडीचा हप्ता भरण्यापेक्षा त्या पैशातून ओढ्यांच्या उतारांवर सिमेंटचे नळे आणि मुरूम टाकावा, आणि पाणंदीसाठी शासनाची जी योजना आहे तिच्याखाली ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन तहसिलीत अर्ज द्यावा, असे मी लिहून दिले. ठराव मंजूर झाला असून मुरमाची दरपत्रके मागवली आहेत.